तिसरी बॅटरी घेण्याआधी

नागपूरच्या काटोल रोडकडच्या एका भाऊंनी प्रश्न विचारला आहे. त्यांनी जुनी डिझेल फोर-बाय-फोर जीप सेकंडहँड घेतली आणि डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. छतावर 55 वॉटचे चार हॅलोजन, पुढे 9,000 पौंडांची विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आणि आत म्युझिक सिस्टीम बसवली. सोमवार ते शुक्रवार गाडी घरासमोर उभी असते, सुटीला चिखलात जाते. पण शनिवारी सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता ‘टक’ करून गप्प बसतो. धक्का मारला की सुरू होते आणि मग दिवसभर तक्रार नाही. दीड वर्षात दोन बॅटऱ्या गेल्या. एक मिस्त्री म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) बदला, दुसरा म्हणतो यावेळी मोठी बॅटरी टाका. भाऊंचा प्रश्न एवढाच की बॅटरी कोणत्या कंपनीची घ्यावी. आणि जाता जाता त्यांनी लिहिलंय की हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर चढतो आणि छतावरच्या दिव्यांचं बटण हाताला गरम लागतं.

भाऊ, कंपनीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही जाता जाता जे लिहिलं त्यातच निम्मं उत्तर आहे. मला तुमच्या गाडीत एक नाही, दोन वेगळे बिघाड दिसतात. गाडी उभी असताना कुठेतरी करंट झिरपतोय, हा पहिला. दुसरा असा की गाडी चालू असताना करंटला बॅटरीकडे परतायची वाट धड नाही, म्हणजे अर्थिंग कच्चं आहे. दोन्हींचा शेवट त्याच ‘टक’मध्ये होतो, म्हणून मिस्त्री लोक एकदा बॅटरीकडे आणि एकदा अल्टरनेटरकडे बोट दाखवतात. मोठी बॅटरी टाकली तर एवढंच होईल की शनिवारऐवजी पुढच्या मंगळवारी बंद पडेल.

मात्र इतक्या दुरून छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. सांगेल तो मीटर. मी खाली जे लिहितोय ते जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या, कमी इलेक्ट्रॉनिक्सच्या जीपला धरून आहे. कॉमन रेल इंजिन आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या गाड्यांना काय वेगळं करायचं ते पुढे येईल.

मीटर साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो, पण आधी त्यातला सेल नवा टाका. सेल उतरला की स्वस्तातले मीटर आकडा वाढवून दाखवतात आणि मेलेली बॅटरी तुम्हाला ठणठणीत वाटते. मे 2024 मध्ये आपल्याच नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले होते, देशभर बातम्या झाल्या आणि मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) नवतप्याच्या जागी, पण 56 म्हणजे जरा जास्तच झालं. आकडा विचित्र आला की आधी मोजणाऱ्या यंत्राकडे बघायचं.

सुरुवात बॅटरीपासूनच करू, कारण उतरलेल्या बॅटरीवर बाकी कुठलीही तपासणी खोटी येते. बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा आणि रात्रभर तशीच ठेवा. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर वरवरचा चढा व्होल्टेज दिसतो, त्याला अर्थ नाही. सकाळी 12.6 ते 12.7 व्होल्ट आला तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 म्हणजे साधारण निम्मी आणि 11.8 म्हणजे जवळपास रिकामी. पूर्ण चार्ज करूनही सकाळी 12.4 च्या वर जात नसेल तर ती बॅटरी गेलीच समजा. झाकणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) प्रत्येक कप्पा बघा. सगळे 1.260 ते 1.280 च्या दरम्यान आणि एकमेकांच्या जवळ हवेत. एकच कप्पा खूप खाली असेल तर त्या बॅटरीवर आणखी पैसे घालू नका.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशोबही यात धरावा लागतो. बाहेर 45 अंश असताना बॉनेटखाली त्याहून पुष्कळ जास्त असतं. उष्णतेनं बॅटरीच्या आतली झीज वेगानं होते, उभ्या उभ्या ती स्वतःहूनही लवकर उतरते आणि पाणी तर उडतंच. एप्रिल ते जून दर पंधरवड्याला पातळी बघा. पाणी डिस्टिल्डच घाला, आरओचं नको आणि बोअरचं तर नकोच नको. पण नुसत्या उन्हानं दीड वर्षात दोन बॅटऱ्या जात नाहीत. त्या गेल्या वारंवार तळापर्यंत उतरल्यामुळे. सेल्फसाठीची बॅटरी क्षणभर भरपूर करंट द्यायला बनवलेली असते. ती दर आठवड्याला रिकामी झाली आणि तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि मग ती कितीही चार्ज केली तरी भरत नाही.

आता अर्थिंगकडे येऊ. माझ्याकडे येणाऱ्या मोडिफाय केलेल्या जीपांमध्ये सगळ्यात जास्त काम इथेच निघतं आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलेलं असतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर चासीला जोडलेली असते. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं चासीपासून तुटलेलंच. त्या दोघांना जोडते ती एक जाड वायर किंवा विणलेली तांब्याची पट्टी. तिसरी जोडणी चासी आणि बॉडीची. तुमची गाडी रंगवून आणली आहे. रंगवणाऱ्यानं लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) काढले, खालच्या पत्र्यावर प्रायमर आणि रंग मारला आणि वर लग परत कसून टाकले. दिसायला गाडी नवी, पण लग रंगावर बसला आहे, धातूवर नाही. थोडाफार करंट बोल्टाच्या आट्यांमधून जातो, म्हणून छोटे दिवे लागतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

सेल्फला साधारण 200 अँपिअर लागतात असं धरा. जोडणीत एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आला, तरी तिथेच 2 व्होल्ट खाल्ले जातात. शेताच्या टोकाला व्होल्टेज पडलं की मोटार घूं घूं करते पण पाणी उचलत नाही, अगदी तसाच तुमचा सेल्फ ‘टक’ करतो पण फिरत नाही. मल्टिमीटरच्या ओहमच्या सेटिंगवर हा शंभरावा भाग दिसतच नाही. मीटर शून्य दाखवतो आणि मिस्त्री म्हणतो अर्थ बरोबर आहे. म्हणून अर्थ कधीही ओहममध्ये तपासू नका, भार टाकून व्होल्टमध्येच तपासा.

काट्याचा खेळही यातूनच होतो. टेंपरेचरचा सेन्सर अर्थ घेतो इंजिनमधून आणि डॅशबोर्डवरचा काट्याचा मीटर घेतो बॉडीतून. हेडलाइटचा करंट परतताना कच्च्या जोडणीवर व्होल्ट पडले की दोघांचा ‘शून्य’ वेगळा होतो आणि काटा हलतो. इंजिन तापलेलं नसतं. म्हणजे तुमच्या गाडीत बॉडी किंवा इंजिनची अर्थ पट्टी कच्ची असण्याची शक्यता खूपच जास्त आहे. आणखी एक खूण सांगतो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागते का बघा. इंजिनला सरळ वाट मिळाली नाही की करंट या बारीक केबलींतून वाट काढतो. तशा जळलेल्या केबली मी बदलल्या आहेत आणि गाडीच्या मालकाला वाटत असतं की केबलच हलकी निघाली.

मोजायचं असं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून धरा. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. मीटरच्या वायरीची काळी टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर. लाल टोकणी इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुमचे हात फॅनपासून दूर ठेवा. 0.2 व्होल्टपर्यंत आला तर छान, 0.5 च्या पुढे गेला तर चोर सापडला. मग लाल टोकणी चासीवर आणि त्यानंतर बॉडीवर ठेवून पुन्हा मोजा, म्हणजे नेमकी कोणती जोडणी ते कळेल. पॉझिटिव्ह बाजूला लाल टोकणी बॅटरीच्या प्लस खांबावर आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवा. तिथे 0.5 पर्यंत चालतं. हे सगळं चालू असताना खुद्द बॅटरीच्या दोन खांबांमध्ये 9.6 च्या खाली जायला नको. दोन्ही वाटा चोख, बॅटरीही 10 च्या वर आणि तरी ‘टक’? तेव्हा सेल्फ उघडायचा. आत सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट, कार्बन किंवा बुश, यातलं काहीतरी निघेल.

दुरुस्तीला पैसे नाही, घाम लागतो. काम सुरू करताना हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. लगाखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून पांढरा चकचकीत धातू काढा, लगाची खालची बाजूही घासा, दातेरी वॉशर टाकून करकचून आवळा. व्हॅसलीन किंवा ग्रीस त्यानंतर वरून लावायचं, घट्ट करण्याआधी मध्ये थापायचं नाही. वायर लगाजवळ हिरवी पडली असेल तर ती बदला, नुसतं टोक छाटून भागत नाही, कारण हिरवेपणा पीव्हीसीच्या आत बराच लांब गेलेला असतो. नवी वायर निदान 35 चौरस मिलिमीटरची घ्या आणि लग हातोडीनं ठोकून नाही, हायड्रॉलिक प्रेसनं दाबून घ्या. नागपूरजवळच्या वाडीला ट्रकांची वायरिंग करणाऱ्यांकडे हे काम चहा होईपर्यंत होतं.

आता झिरपणारा करंट. आठवडाभर उभी राहणाऱ्या गाडीत 50 मिलीअँपिअरपर्यंतची गळती मान्य आहे, दिवसाला जेमतेम 1.2 अँपिअर-तास. तुमच्याकडे 0.4 अँपिअर गळत असेल तर दिवसाला साडेनऊच्या वर जातात. चार दिवसांत 38. 70 अँपिअर-तासांच्या (एएच) बॅटरीतून निम्म्याहून जास्त. डिझेल इंजिन फिरवायला मग काय उरतं? तुमच्या वेळापत्रकाशी हे गणित इतकं जुळतं की मी पैज इथेच लावीन.

हे मोजताना घाई करणारा मीटरचा फ्यूज उडवतो. आधी निगेटिव्ह केबल काढून खांब आणि केबल यांच्यामध्ये 12 व्होल्टचा 5 वॉटचा साधा बल्ब जोडा. तो झगझगीत पेटला तर गळती मोठी आहे, तिथे मीटर लावूच नका. मंद असेल किंवा पेटला नाही, तर बल्ब काढून मीटर 10 अँपिअरच्या भोकात लाल वायर घालून तसाच मध्ये जोडा. दार बंद, चावी काढलेली, आणि मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, ग्लो प्लगही (डिझेल इंजिन आधी तापवणारे) नाही. आकडा बघा आणि एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजवर आकडा धाडकन खाली येतो, तिथे तुमची गळती. काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. ती विसरून पुढच्या वेळी बॅटरीवर टोकण्या ठेवल्या की शॉर्ट होतो.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरी बघा. तुमच्या बाबतीत संशयितांची नावं मी आधीच सांगतो. पहिला, म्युझिक सिस्टीम. तिची पिवळी वायर कायम चालू लागते आणि लाल वायर चावीवर. बसवणाऱ्याला चावीची वायर सापडली नाही की तो दोन्ही एकत्र पिळून बॅटरीवर देतो आणि सिस्टीम कधी झोपतच नाही. दुसरा, विंचचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिचा मोठा करंट जोडणारा स्विच. आत चिखल शिरला की तो ओल धरतो. तिसरा अल्टरनेटर स्वतः: आतला डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा भाग) गळका झाला की चार्जिंग जवळजवळ ठीक दिसतं, पण रात्री त्याच वाटेनं करंट उलटा जातो. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर तुमचा पहिला मिस्त्री अर्धा बरोबर होता. पूर्ण अल्टरनेटर नाही, डायोड प्लेट बदलून काम होतं. शिवाय पाच दिवस उभ्या गाडीत उंदीर संसार मांडतात, तेव्हा हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) कुरतडलेली जागाही टॉर्च घेऊन शोधा.

अल्टरनेटर चार्ज करतो का हे बघायला इंजिन सुरू करून थोडी रेस द्या आणि बॅटरीवर मोजा. 13.8 ते 14.5 यायला हवेत. इंजिन खूप तापलेलं असेल तर खालच्या बाजूला, थंड असेल तर वरच्या. 15 च्या वर जात असेल तर कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेलाय आणि तो बॅटरी शिजवतोय. कमी येत असेल तर आधी बेल्टचा ताण बघा. एक मात्र करू नका आणि कोणाला करूही देऊ नका: चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘बघा, गाडी बंद पडत नाही, म्हणजे अल्टरनेटर चांगला’ हा प्रयोग. डायनामोच्या काळातली ही सवय अजून गॅरेजा-गॅरेजांत आहे. टर्मिनल सुटलं की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर भलताच उसळतो, त्यात त्याचे डायोड जाऊ शकतात आणि नव्या गाडीत ईसीयूसुद्धा.

गरम बटणाचं कारण तर सरळ आहे. चार हॅलोजन म्हणजे 220 वॉट, म्हणजे 18 अँपिअर, आणि तो सगळा करंट तुम्ही डॅशबोर्डच्या बटणातून नेलाय. बटणाचं काम फक्त रिलेला, म्हणजे बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणाऱ्या स्विचला, इशारा देण्याचं. बॅटरीपासून जाड वायर, तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत 25 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेचा 30 नंबर, 87 वरून दिवे. 85 अर्थला आणि 86 वर बटणाची बारीक वायर. दिव्यांची वायर 4 चौरस मिलिमीटरच्या खाली नको. दीडच्या वायरीत तीन मीटरवर जातानाच अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडतो, परतीच्या वाटेवर वेगळा. हॅलोजनला 1 व्होल्ट कमी मिळाला तर उजेड साधारण पाव हिश्शानं उतरतो. म्हणजे लोक मोठे बल्ब टाकतात तेव्हा बहुतेक वेळा गरज फक्त चांगल्या वायरीची असते. आणि फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकू नका. फ्यूज दिव्याला नाही, वायरीला वाचवायला असतो. छतावरचे दिवे सार्वजनिक रस्त्यावर बंद आणि झाकलेलेच ठेवा.

विंचबद्दल थोडक्यात. पूर्ण जोरात ती 400 अँपिअरच्या आसपास खेचते आणि तुमचा अल्टरनेटर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बाकीचं सगळं बॅटरीतून जातं. म्हणून इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओढा, मध्ये थांबा. विंचची निगेटिव्ह बंपरवर न टाकता थेट बॅटरीवर आणा, आणि पॉझिटिव्हवर मोठा आयसोलेटर स्विच लावून घरी आलं की बंद करा. गळतीचा एक संशयित तिथेच संपतो.

चिखलातून आल्यावरची कामं. उमरेड-भिवापूरकडची काळी कन्हार माती वाळली की सिमेंटसारखी बसते आणि आत ओल धरून ठेवते, म्हणून ती ओली असतानाच साध्या पाइपनं धुवा. प्रेशर वॉशरची धार अल्टरनेटर, सेल्फ आणि कनेक्टरवर मारू नका. चिखल जिथे गेला नव्हता तिथेही पाणी जातं. महिन्यातून एकदा खालचे कनेक्टर सोडवून, सुकवून, सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवा. नाल्यात उतरला असाल तर ॲक्सलच्या ब्रीदरच्या (हवा ये-जा करायच्या) नळ्याही बघा. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ दिसलं तर पुढच्या सुटीची वाट न बघता बदला.

नवी, ईसीयूवाली गाडी असणाऱ्यांनी तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात. गळती मोजताना चावी काढल्यावर निदान अर्धा तास थांबा, कारण आतली मॉड्यूल हळूहळू झोपतात आणि सुरुवातीचा आकडा मोठाच येतो. बंपर किंवा रॅकचं वेल्डिंग करताना बॅटरी सोडवा. आणि दिव्यांसाठी कंपनीच्या हार्नेसला मध्येच कापून जोड देऊ नका, आपली वायर बॅटरीपासून वेगळी न्या.

तर भाऊ, येत्या शनिवारी दुकानात जाऊ नका. एवढे आकडे कागदावर लिहून पाठवा: रात्रभर ठेवलेल्या चार्ज बॅटरीचा व्होल्ट, सेल्फ मारताना बॅटरीवरचा, सेल्फ मारताना निगेटिव्ह खांब ते इंजिन, गाडी चालू असतानाचा आणि चावी काढल्यावरची गळती. सध्याची बॅटरी वाचण्यासारखी आहे का, ते पहिल्या दोन आकड्यांवरून सांगता येईल. नसेल, तर कंपनीचं नाव तेव्हा ठरवू, गळती बंद झाल्यावर.